उपाशी जीवाणू वर्षानुवर्षं तग कसा धरतात?

मे महिन्यात सोलापूरच्या आसपासची काळी रानं इतकी उललेली असतात की भेगेत मनगटापर्यंत हात जातो. पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, परतीच्या पावसानंतर धड थेंब नाही, ज्वारीची धसकटं कधीच वाळून कोळ झालेली. अशा रानातली चिमूटभर माती प्रयोगशाळेत आणून तपासली तर तिच्या एका ग्रॅममध्ये कोट्यवधी जीवाणू असतात, आणि त्यातले कितीतरी जिवंत असतात. मृगाचा पाऊस पडला की काही तासांत ते श्वसन सुरू करतात आणि जमिनीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड एकदम वाढतो. मधले सहा-सात महिने ते काय खात होते? जवळजवळ काहीच नाही. मग ते मेले का नाहीत?

मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. पहिल्या वर्षाच्या मुलांच्या डोक्यात जीवाणू म्हटलं की एकच चित्र असतं: एकाचे दोन, दोनाचे चार. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय भरपूर अन्न मिळालं तर वीस मिनिटांत दुप्पट होतो, हे खरंच आहे. पण हा वेग दोन दिवस टिकला तर एका पेशीपासून झालेल्या सगळ्या पेशींचं वजन पृथ्वीच्या हजारो पट भरेल. कागदावर हे गणित केलं की मुलांना आपोआप कळतं की निसर्गात असं होत नसणार. अन्न संपतं, आणि फार लवकर संपतं. जमिनीत, नदीत, समुद्राच्या तळाशी राहणारे जीवाणू आयुष्याचा बहुतेक काळ अर्धपोटी किंवा पूर्ण उपाशी काढतात. भरपेट दिवस हाच त्यांच्यासाठी अपवाद. म्हणून मला वाटतं, जीवाणू समजून घ्यायचे तर ते वाढतात कसे याआधी ते थांबतात कसे हे बघावं.

थांबण्याची सुरुवात अन्न संपल्याचं कळण्यापासून होते. जीवाणूला डोळे नाहीत, मेंदू नाही. त्याला कसं कळतं? सोलापूरकरांना हे सांगायला मला यंत्रमागाइतकं सोयीचं दुसरं काही सापडलेलं नाही. मागावर धोटा इकडून तिकडे धावतो आणि धोट्यात सुताची कांडी असते. कांडी रिकामी झाली आणि माग तसाच चालू राहिला तर कापड बिघडतं, म्हणून माग चालवणाऱ्याचं लक्ष कांडीवर असतं. पेशीतला माग म्हणजे रायबोसोम. तो अमिनो आम्लं एकापुढे एक गुंफून प्रथिनं विणतो, आणि ही अमिनो आम्लं त्याच्यापर्यंत टीआरएनए नावाचे वाहक रेणू घेऊन येतात. अन्न संपलं की अमिनो आम्लं संपतात आणि वाहक रिकामाच येऊन रायबोसोममध्ये बसतो. रेलए नावाचं एक प्रथिन नेमकी ही रिकामी कांडी ओळखतं आणि ताबडतोब एक छोटा रेणू बनवायला घेतं. त्याचं नाव पीपीजीपीपी.

हा रेणू १९६९ साली मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट यांना सापडला. अमिनो आम्लांसाठी उपाशी ठेवलेल्या ई. कोलायमधले रेणू वेगवेगळे करून पाहताना त्यांना दोन अनोळखी ठिपके दिसले, जे पोट भरलेल्या पेशींत दिसत नव्हते. त्यांना ‘जादूचे ठिपके’ हे नाव पडलं, आणि पुढच्या संशोधनाने ते सार्थ ठरवलं. पीपीजीपीपी वाढला की काही क्षणांत पेशीचा सगळा कारभार बदलतो. नवे रायबोसोम बनवणं बंद होतं. ही बचत लहानसहान नसते, कारण वेगाने वाढणाऱ्या जीवाणूची सर्वांत जास्त ऊर्जा रायबोसोम आणि प्रथिनं बनवण्यातच जात असते. असलेल्या रायबोसोमपैकी काही मोडून त्यांचे भाग खाल्ले जातात. उरलेले दोन-दोन एकमेकांना चिकटवून बंद करून ठेवले जातात. एक खास प्रथिन त्यांच्या कामाच्या जागीच जाऊन बसतं, त्यामुळे त्या काळात ते विणू शकत नाहीत, पण सहसा तुटतही नाहीत. अन्न आलं की ही प्रथिनं निघून जातात आणि तेच रायबोसोम मिनिटांत कामाला लागतात.

त्याच सुमारास दुसरा मोठा बदल घडतो. कोणती जनुकं वाचायची हे ठरवणारं सिग्मा-एस नावाचं प्रथिन पेशीत साठू लागतं. ई. कोलायच्या सुमारे दहा टक्के जनुकांवर त्याची हुकमत चालते. त्याच्या हुकमाने पेशी आखूड आणि गोलसर होते, बाहेरचं आवरण घट्ट होतं, ट्रेहॅलोज नावाची साखर आत साठवली जाते. ही साखर पाणी कमी झालं तरी प्रथिनांचा आकार बिघडू देत नाही. मला यातला सर्वांत विलक्षण वाटणारा भाग डीएनएचा आहे. डीपीएस नावाचं प्रथिन मोठ्या प्रमाणात तयार होतं आणि डीएनएला बिलगून त्याची स्फटिकासारखी घट्ट रचना करतं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली उपाशी पेशीत हे नियमित थर दिसतात. उपाशी पेशीला तुटलेला डीएनए दुरुस्त करायला ऊर्जा परवडत नाही, म्हणून तो तुटूच नये अशी ही तजवीज.

एवढं करूनही बहुतेक पेशी मरतात. चंबूत ई. कोलाय वाढवून त्याला पुन्हा काहीही खायला न देता ठेवून दिलं तर काही दिवसांत नव्व्याण्णव टक्के पेशी संपतात. उरलेला एक टक्का मात्र महिनोन् महिने, अगदी पाच वर्षांहूनही जास्त जगतो. कशावर? मेलेल्यांच्या अवशेषांवर: त्यांची अमिनो आम्लं, त्यांचा डीएनए, त्यांची चरबी. १९९३ साली हार्वर्ड मेडिकल स्कूलमधल्या रॉबर्टो कोल्टर यांच्या गटाने एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. दहा दिवस जुन्या चंबूतले मोजके जीवाणू त्यांनी एक दिवस जुन्या, धडधाकट जीवाणूंच्या गर्दीत सोडले. नवे संख्येने कितीतरी जास्त, पण थोड्याच दिवसांत जुने वरचढ झाले आणि नवे नाहीसे झाले. उपासमारीच्या दहा दिवसांत जुन्यांमध्ये नवे उत्परिवर्तित, म्हणजे जनुकांत बदल झालेले, प्रकार तयार होऊन निवडले गेले होते. त्यातल्या एका बदलाने सिग्मा-एसचंच काम कमी केलं होतं. म्हणजे सुरुवातीला जो बचाव उपयोगी, तोच पुढे अडचणीचा ठरतो: फार काटकसर करणारी पेशी मागे राहते आणि मेलेल्यांचे तुकडे झटपट वेचणारी पुढे जाते. वरून शांत दिसणाऱ्या त्या चंबूत उत्क्रांती चालूच असते.

काही जीवाणूंनी याच्या पलीकडचा मार्ग धरला आहे. ते बीजाणू, म्हणजे दाट कवचातली झोपलेली पेशी, बनवतात. हे समजून घ्यायला सर्वांत चांगली जागा म्हणजे कॉलेजातलं साधं प्रात्यक्षिक, आणि आमच्याकडे ते नेहमी रानातल्या मातीवरच होतं. मुलं चिमूटभर माती निर्जंतुक सलाइनमध्ये कालवतात आणि परीक्षानळी ८० अंशांच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवतात. एवढ्या उष्णतेत साधे जीवाणू मरतात. मग त्यातले दोन-तीन थेंब अगारच्या, म्हणजे जीवाणूंचं अन्न मिसळलेल्या जेलीच्या, प्लेटवर पसरून रात्रभर ठेवायचे. दुसऱ्या दिवशी प्लेटवर पांढरट, कडा फाटक्या, कोरड्या दिसणाऱ्या वसाहती उगवलेल्या असतात. बहुतेक बॅसिलस या बीजाणू बनवणाऱ्या जीवाणूच्या. त्या वसाहती आणखी काही दिवस तशाच ठेवून जुन्या होऊ द्यायच्या. मग काचपट्टीवर पातळ थर पसरून त्यावर मॅलेकाइट ग्रीन हा हिरवा रंग ओतायचा, खालून वाफ द्यायची, पाण्याने धुवायचं आणि वर सॅफ्रॅनिन हा गुलाबी रंग. सूक्ष्मदर्शकाच्या शंभरच्या भिंगाला तेलाचा थेंब लावून पाहिलं की गुलाबी काड्या दिसतात आणि काही काड्यांच्या पोटात एकेक हिरवागार, लंबगोल ठिपका: तोच बीजाणू. रंग आत शिरायला वाफ लागते आणि एकदा शिरला की तो पाण्याने निघत नाही, इतकं त्या ठिपक्याचं कवच दाट असतं. दरवर्षी हा ठिपका पहिल्यांदा दिसल्यावर कोणीतरी भिंगावरून मान वर करून दुसऱ्याला हाक मारतं, आणि मलाही प्रत्येक वेळी तेवढाच आनंद होतो.

बीजाणू बनायला सात-आठ तास लागतात. उपाशी पेशी मधोमध विभागण्याऐवजी एका टोकाला विभागते, म्हणजे एक भाग मोठा आणि एक लहान. मोठा भाग लहानाला गिळून आत घेतो आणि त्याच्याभोवती थरावर थर चढवतो. आतलं पाणी काढलं जातं आणि त्या जागी कॅल्शियम आणि डायपिकोलिनिक आम्ल यांचं संयुग भरलं जातं. बीजाणूच्या कोरड्या वजनात या आम्लाचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास असू शकतो. डीएनएला खास छोटी प्रथिनं वेढून बसतात. काम पूर्ण झाल्यावर मोठा भाग फुटून मरतो आणि बीजाणू बाहेर पडतो. त्यात श्वसन मोजता येईल इतकंही नसतं. फर्डिनंड कोन आणि रॉबर्ट कॉख यांनी १८७६ साली, एकाने गवताच्या काढ्यातल्या आणि दुसऱ्याने काळपुळीच्या जीवाणूत, हे बीजाणू ओळखले. काळपुळीने मेलेल्या जनावराच्या जागेवरची माती वर्षानुवर्षं धोक्याची का राहते, याचा उलगडा तिथे झाला.

बीजाणू होणं हा जीवाणूचा शेवटचा उपाय असतो. एकदा त्या वाटेवर काही टप्पे ओलांडले की परत फिरता येत नाही आणि तासाभराने अन्न आलं तर इतर जीवाणू ते संपवून टाकतात. म्हणून बॅसिलस सबटिलिस निर्णय लांबणीवर टाकतो. काही पेशी विष सोडून आपल्याच भावंडांना फोडतात आणि त्यांच्यावर जगून आणखी थोडी वाट पाहतात. हे २००३ साली दाखवलं गेलं.

याचा आपल्या स्वयंपाकघराशी सरळ संबंध आहे. सोलापूरची कडक भाकरी कितीतरी दिवस टिकते. तिच्यावर बीजाणू नसतात असं नाही, तिच्यात त्यांना उमलायला पाणी नसतं. भाताचं उलट. तांदळावर बॅसिलस सेरियसचे बीजाणू असू शकतात आणि ते उकळत्या पाण्यातही तगतात. शिजवलेला भात उन्हाळ्यात रात्रभर ओट्यावर राहिला की त्यांना ओलावा, ऊब आणि अन्न तिन्ही एकदम मिळतं. ते उमलतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या घडवणारं त्याचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. उरलेला भात लवकर गार करून फ्रिजमध्ये ठेवावा तो यासाठी. हॉस्पिटलात ऑटोक्लेव्ह या निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात १२१ अंशांची दाबाखालची वाफ वापरतात तीही बीजाणूंसाठीच, आणि ऑटोक्लेव्ह नीट चालतोय का हे तपासायला आत मुद्दाम एका उष्णताप्रिय जीवाणूच्या बीजाणूंची पट्टी ठेवतात. ते मेले तरच यंत्र पास.

बीजाणू किती वर्षं जगतात? अंबरातल्या मधमाशीच्या पोटातून कोट्यवधी वर्षांपूर्वीचे बीजाणू उगवल्याचा दावा १९९५ साली झाला होता, पण त्यात नंतरच्या जीवाणूंची भेसळ झाली असावी अशी शंका अनेक शास्त्रज्ञांना आहे. मलाही तो दावा पचत नाही. याचं उत्तर सरळ मोजून काढायला २०१४ साली एडिंबरामध्ये एक प्रयोग सुरू झाला आहे. वाळवलेले बॅसिलस सबटिलिसचे बीजाणू शेकडो काचेच्या कुप्यांत बंद केले आहेत आणि ठरावीक वर्षांनी काही कुप्या उघडायच्या आहेत. शेवटची कुपी २५१४ साली उघडायची. आज जिवंत असलेलं कोणीही तो निकाल पाहणार नाही, तरी माणसांनी तो सुरू केला, याचं मला फार कौतुक वाटतं.

बीजाणू न बनवणारेही मागे नाहीत. दक्षिण प्रशांत महासागराच्या तळाखालचा, १० कोटी १५ लाख वर्षांपूर्वी साचलेला गाळ काढून जपानी संशोधकांनी त्यातल्या सूक्ष्मजीवांना अन्न दिलं. २०२०मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलं की त्यातले बहुतेक जागे झाले आणि वाढू लागले, आणि त्यांत बीजाणूवाले फारसे नव्हतेच. त्या गाळात ऑक्सिजन झिरपत होता, अन्न मात्र नावापुरतं. म्हणजे जेमतेम दुरुस्तीपुरती ऊर्जा मिळाली तरी पेशी कल्पनेपलीकडे टिकते.

मातीतले स्ट्रेप्टोमायसिस हे जीवाणू बुरशीसारखे धागे करून वाढतात आणि उपाशी झाले की धाग्यांच्या टोकांवर बीजाणूंच्या माळा धरतात. वळिवाच्या पहिल्या सरीला येणारा वास त्यांच्या जिओस्मिन नावाच्या रसायनाचा. २०२०मध्ये स्वीडन आणि इंग्लंडमधल्या संशोधकांनी दाखवलं की मातीतले उड्या मारणारे बारीक किडे या वासाकडे ओढले जातात, स्ट्रेप्टोमायसिस खातात आणि अंगाला चिकटलेले, पोटातून गेलेले बीजाणू दूरवर नेऊन टाकतात. उपाशी जीवाणू जागेवरून हलू शकत नाही, म्हणून तो वाहन बोलावतो.

आता आपल्या जिल्ह्याला छळणाऱ्या काही जीवाणूंकडे. डाळिंबाचा तेल्या ज्याला म्हणतात तो रोग झँथोमोनास जीवाणूचा. तो बीजाणू बनवत नाही. बागेला ताण दिलेला असतो, म्हणजे पाणी तोडलेलं असतं, पानं गळालेली असतात, तेव्हा तो फांदीवरच्या जखमांत आणि खाली पडलेल्या रोगट पाना-फळांत तग धरतो. त्याच्याभोवती चिकट शर्करेचं आवरण असतं, ते ओल धरून ठेवतं. बहार धरला, पाणी सोडलं, पाऊस उडाला की तिथूनच तो कोवळ्या पानांवर पोचतो. म्हणून विश्रांतीच्या काळात छाटणी, रोगट पाचोळा वेचून जाळणं आणि कात्री निर्जंतुक करत राहणं यांना फवारणीइतकंच महत्त्व आहे. पाचोळा बागेतच राहिला तर पुढच्या बहाराचा रोग आपणच सांभाळून ठेवतो.

पंढरपूरच्या यात्रांत एकेकाळी पटकीच्या, म्हणजे कॉलराच्या, साथी येत. साथ संपल्यावर पटकीचा जीवाणू जातो कुठे, हे कोडं फार दिवस सुटत नव्हतं. रीटा कोलवेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ साली दाखवलं की थंड, अन्न नसलेल्या पाण्यात तो आकसतो आणि प्रयोगशाळेतल्या प्लेटवर उगवेनासा होतो, पण जिवंत असतो. पाण्यातल्या सूक्ष्म कवचधारी प्राण्यांच्या अंगाला तो चिकटून राहतो. हे कळल्यावर बांगलादेशातल्या खेड्यांत बायकांना जुन्या साडीच्या अनेकपदरी घडीतून पाणी गाळायला शिकवलं गेलं. त्या प्राण्यांसकट जीवाणू कापडावर अडकले आणि २००३ साली प्रसिद्ध झालेल्या निकालानुसार पटकीचे रुग्ण ४८ टक्क्यांनी घटले.

आणि टीबी. जगातल्या सुमारे एक चतुर्थांश माणसांच्या शरीरात टीबीचा जीवाणू शिरलेला आहे, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातल्या पाच ते दहा टक्क्यांना आयुष्यात कधीतरी रोग होतो. इतरांत शरीराच्या पेशी त्याला कोंडाळं करून अडकवतात. तिथे ऑक्सिजन आणि अन्न कमी पडतं, तो वाढ थांबवतो आणि अनेक वर्षं तसाच राहू शकतो. कुपोषण, मधुमेह किंवा एचआयव्हीने प्रतिकारशक्ती ढासळली की पुन्हा उठतो. औषधांची अडचणही हीच. आयसोनियाझिड हे टीबीचं औषध नव्या पेशीभित्तिका बनण्यावर घाव घालतं. जो वाढतच नाही त्याच्यावर ते फारसं चालत नाही. पेनिसिलिनमधून असे थांबलेले मोजके जंतू वाचतात, हे जोसेफ बिगर यांनी १९४४ सालीच नोंदवलं होतं. त्यांच्यात औषधाला दाद न देणारं नवं जनुक नसतं, ते फक्त थांबलेले असतात. रिफॅम्पिसिन आणि पायराझिनामाइड मंद जंतूंवरही काम करतात, त्यामुळे पूर्वीचा दीड वर्षाचा उपचार सहा महिन्यांवर आला. याच औषधांचा उपचार त्याहून कमी केला तर थांबलेले मागे राहू शकतात. दोन महिन्यांत खोकला जातो, भूक लागते, वजन भरतं, आणि ज्या विडी कामगार बाईची मजुरी बुडतेय तिला गोळ्या बंद कराव्याशा वाटणं स्वाभाविक आहे. तिला धाक घालू नये. उरलेले चार महिने कोणासाठी आहेत ते समजावून सांगावं, कारण हे समजलं तर माणूस गोळ्या घेतो असा माझा विश्वास आहे.

शेवटी उपयोगाच्या जीवाणूंबद्दल, कारण पेरणी जवळ येते तेव्हा त्यांच्याबद्दल मला शेतकरी घरातले विद्यार्थी हमखास विचारतात. तुरीच्या, हरभऱ्याच्या मुळांवर गाठी धरणारा आणि पिकाला हवेतला नायट्रोजन मिळवून देणारा रायझोबियमही बीजाणू बनवत नाही. त्याच्या जातभाईंपैकी बरेच गाठीत असताना पीएचबी नावाचं चरबीसारखं द्रव्य अंगात साठवतात आणि पीक निघून गाठ कुजल्यावर त्याच शिधोरीवर मातीत दिवस काढतात. लसूणघासावरच्या रायझोबियमवर अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात असं दिसलं की उपाशी पेशी विभागताना साठा सारखा वाटत नाही. एका लेकीला जवळजवळ सगळा मिळतो, ती दीर्घकाळ थांबते. दुसरीकडे थोडाच राहतो, ती अन्न दिसताच वाढायला तयार असते. पुढे काय होईल हे माहीत नसताना दोन्ही शक्यतांची सोय एकाच विभाजनात.

पण बाजारातल्या पाकिटात, लिग्नाइटच्या भुकटीत मिसळलेल्या रायझोबियमजवळ बॅसिलससारखं कवच नसतं. पत्र्याच्या दुकानात मे महिनाभर उन्हात तापलेल्या पाकिटात जिवंत जीवाणू किती उरले असतील, याची खात्री देता येत नाही. तेव्हा पाकीट घेताना शेवटची तारीख बघा, सावलीत ठेवणारा दुकानदार निवडा, घरीही थंड जागी ठेवा. दहा किलो बियाण्याला पाकिटातलं २५० ग्रॅम संवर्धन गुळाच्या पाण्यात कालवून हलक्या हाताने चोळा, सावलीत सुकवा आणि त्याच दिवशी पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, रायझोबियम सगळ्यात शेवटी.